पाचवी व्हायच्या आधी

माझी आई नुकतं जन्मलेलं लेकरू हातात घेत नव्हती. गल्लीत कुणाचं बाळंतपण झालं की डिंकाचे लाडू करून पाठवायची, बाळंतिणीचे कपडे धुवायची, पण पाळण्यापाशी जायची नाही. हर्सूलच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते मुकाट मान्य करून टाकलं होतं. बारशाचं बोलावणं आलं तरी ते मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला. आईला कुणी बोलवायचंच नाही.

कारण असं की माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, आणि तो पाचव्या दिवशी गेला. पिवळा पडून गेला, एवढंच आम्हाला माहीत. माझी आजी, म्हणजे आईची सासू, त्या दिवसापासून म्हणायला लागली की हिच्या हाताला लेकरू टिकत नाही. पुढं आम्ही दोघी बहिणी झालो, चांगल्या धडधाकट वाढलो, तरी ते वाक्य काही गेलं नाही. पोरी काय, पोरी टिकतातच, म्हणे! आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली. वाक्य मात्र राहिलं, आणि सगळ्यात घट्ट राहिलं ते आईच्याच डोक्यात. मला त्या वाक्याचा लहानपणापासून राग. मला दिवस गेले तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की माझं लेकरू आई हातात घेईल, म्हणजे घेईलच. कशी घेत नाही तेच बघते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी हर्सूलला आले. सासर शेंद्र्याजवळच्या एका गावात. घरची थोडी शेती, आणि नवरा तिथल्याच एका कारखान्यात शिफ्टला. मी आल्या आल्या आईनं सांगून टाकलं, "अंघोळ घालायला बाई लावलीय. मी लेकराला हात नाय लावायची. त्यावरनं माझ्याशी वाद घालू नको." मी घातला. आठवडाभर घातला. भिंतीशी बोलल्यासारखं झालं.

हात लावणार नाही म्हणाली, पण बाकी सगळं तिनं अगदी जीव ओतून केलं. आमच्याकडं बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत. धडधाकट लेकराच्या अंगावरचं उतरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घालायचं. आईनं त्यासाठी सगळ्या नात्यागोत्यात हिंडून कपडे गोळा केले. मावशीच्या नातवाची झबली, शेजारच्या वहिनींकडची टोपरी. स्वतःच्या मऊ झालेल्या साड्यांच्या दोन गोधड्या शिवल्या, टाका इतका बारीक की बाळाला टोचू नये. सगळं उकळत्या पाण्यातून काढलं, उन्हात वाळवलं आणि घड्या घालून लोखंडी पेटीत ठेवलं. घडी-घडीत डांबरगोळ्या घातल्या. एक-दोन नव्हे, ओंजळभर. कसर लागू नये, झुरळ फिरू नये, नातवंडाच्या कपड्याला कशाचा विटाळ होऊ नये म्हणून.

बाळ झालं, मुलगा झाला. दवाखान्यात सिस्टरनं कपडे मागितले तशी आईनं पेटीतून भरून आणलेली पिशवी पुढं केली. वास असा आला की शेजारच्या खाटेवरची बाई शिंकली. माझ्या शाळेच्या स्वेटरचा तो वास, दिवाळीला निघणाऱ्या रेशमी परकराचा तो वास. मी बाळाच्या गोधडीत नाक खुपसलं आणि म्हणाले, "आहाहा, आई!" हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढं दोष वाटून द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या या आहाहाबद्दल मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. त्याला काय झालंय, सगळीच लेकरं पिवळी होतात, कोवळ्या उन्हात धरा, असं जो तो सांगायला लागला. मीही ऐकलं. खोटं कशाला बोलू, बऱ्याच लेकरांना होतंच ते आणि आपलं आपण जातंही. मी त्याला खिडकीतल्या उन्हात धरून बसले. चौथ्या दिवशी सकाळी मात्र त्याचे तळपायसुद्धा हळद लावल्यासारखे झाले. ते दूध ओढेना. अंगात जोरच नव्हता, मान सोडून दिलेली. रडलं तर बारीक, चिरका आवाज. आणि लंगोट बदलायला घेतला तर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. मी बहिणीला म्हणाले, "रिक्षा बघ."

तेव्हा माझ्या सासूबाई घरात होत्या. पाचवीसाठी आदल्या दिवशीच गावाकडून आल्या होत्या. बाई वाईट नव्हे. माझ्या डोहाळजेवणाला तिनं अख्खं गाव जेवू घातलं होतं. पण तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. रिक्षाचं ऐकून ती दारातच उभी राहिली.

"उद्या पाचवी हाय," ती म्हणाली. "पाचवी झाल्याबिगर लेकरू उंबऱ्याच्या बाहेर काढायचं नसतंय. सटवाई यायची असती. तिनं लेकराला कुठं हुडकायचं?"

"आत्याबाई, तो दूध पीत नाही." आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात.

"काविळीची माळ आणायला माणूस धाडलाय मी. दुपारपस्तोर येती. गळ्यात घातली की उतरती कावीळ. उद्याचा दिस जाऊ दे, परवा घिऊन जा कुठं न्यायचं तिथं."

"सटवाईला दवाखान्याचा पत्ता सांगा," मी म्हणाले.

"जिभेला काय हाड हाय का नाय तुझ्या?"

"नाही! सरका."

ती सरकली नाही. नवऱ्याला फोन लावला तर लागेना. कारखान्यात आत जाताना फोन बाहेर ठेवावा लागतो आणि त्याची पहिली पाळी होती. माझे टाके ओढत होते, लेकरू खांद्यावर लोंबत होतं आणि समोर सासूबाई. तेवढ्यात आतून आई आली. मला खरंच वाटलं, ही आता सासूबाईंच्या बाजूनं बोलणार. ती मात्र सासूबाईंच्या बाजूनं वाट काढून दाराबाहेर गेली, माझ्या चपला सरळ करून ठेवल्या. मग आत येऊन माझ्या कानावरून स्कार्फ घट्ट बांधला, ओल्या बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून.

"जा," ती म्हणाली. "मी थांबले व्हते. तू थांबू नको."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. माझ्या जन्माच्या आधीच्या त्या बाळाला दवाखान्यात न्यायचं तिच्या मनात होतं. पाचवी होऊ द्या म्हणाले म्हणून ती थांबली होती. एवढ्या वर्षांत तिनं हे आम्हा बहिणींना कधी सांगितलं नव्हतं. आई सासूबाईंकडं वळली. "विहीणबाई, जाऊ द्या तिला. काय व्हायचं ते माझ्या डोक्यावर." सासूबाई बाजूला झाल्या. आईच्या डोक्यावर टाकायला मिळालं म्हणून झाल्या की काय, कोण जाणे.

रिक्षावाले चाचा गल्लीतलेच. माझ्याकडं बघून म्हणाले, "क्या हुआ बेटी?" बहिणीनं सांगितलं तसे म्हणाले, "बैठो बैठो, अब्बी पौंचाता मैं." हर्सूल तुरुंगाच्या रस्त्यानं त्यांनी जी रिक्षा घातली, हॉर्नवरचा अंगठा काढला नाही, पण प्रत्येक गतिरोधक आला की अशी हळू करायचे की माझ्या टाक्यांना धक्का बसला नाही. आई माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर कपड्यांची पिशवी धरून. लेकराकडं बघत नव्हती. पुढच्या काचेतून नुसती रस्त्याकडं बघत होती.

मुलांच्या वॉर्डात आईला आत सोडलं नाही. आत एक तरुण डॉक्टरीण होती, दोन दिवस झोपली नसावी असे डोळे. तिनं बाळाला टेबलावर ठेवलं, गोधडी उलगडली आणि थबकली. गोधडी उचलून नाकाशी धरली.

"यात डांबरगोळ्या होत्या?"

"हो."

"कधीपासून घालताय हे कपडे?"

"जन्मल्यापासून."

"सिस्टर, अंगावरचं सगळं काढा. सगळं. आणि हे पिशवीत बांधून वॉर्डच्या बाहेर ठेवा." मग मला म्हणाली, "माहेरी कुठलं लहान मूल असं पिवळं होऊन गेलंय का? मुलगा?"

तिला हे कसं कळलं?

रक्त तपासायला घेतलं, बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यावर पट्टी बांधून. तासाभरात डॉक्टरीण परत आली आणि म्हणाली की दिव्यानं भागणार नाही, रक्त बदलावं लागेल. मी म्हणाले, "बदलावं लागेल म्हणजे?" तर तिनं केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनानं वर्तुळं काढून मला समजावलं. मी अडाणी नाही, बारावी सायन्स शिकले आहे, पण त्या दिवशी मला एकेक गोष्ट दोनदा सांगावी लागली आणि तिनं न चिडता दोनदा सांगितली.

रक्तातल्या तांबड्या पेशींना काही द्रव्यांपासून जपणारं एक एन्झाईम असतं. जी सिक्स पी डी त्याचं नाव. काही मुलांमध्ये ते जन्मतःच कमी असतं. एरवी काही बिघडत नाही, पण डांबरगोळीसारखं काही अंगात गेलं, श्वासातून किंवा कातडीतून, की त्या पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींचं जे उरतं त्याचा रंग पिवळा. मोठ्या माणसाचं यकृत ते काढून टाकतं, चार दिवसांच्या लेकराच्या यकृताला ते झेपत नाही. आणि फार साचलं की ते मेंदूत जातं. "मेंदूत गेलं की मग आमच्या हातात फार काही राहत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आज आलात. उद्या आला असता तर मी हे बोलत बसले नसते."

उद्या म्हणजे पाचवी.

बेंबीतून एक बारीक नळी घातली. एका सिरिंजनं थोडं रक्त काढायचं, तेवढंच दुसऱ्याचं रक्त आत सोडायचं. परत काढायचं, परत सोडायचं. सिस्टर प्रत्येक वेळी मोठ्यानं आकडा म्हणायची आणि लिहायची. मी काचेबाहेर उभी होते. मला बसा म्हणाले, मी बसले नाही. बाहेर निघत होतं ते रक्त माझं होतं म्हणा, माझ्या आईचं होतं म्हणा, आणि आत जात होतं ते कुणा अनोळखी माणसाचं. त्या माणसाला मी कधी भेटणार नाही. त्याच्या घरी काय रीतभात आहे, त्याची जात काय, तो सटवाई मानतो की नाही, कुणी विचारलं नाही. सकाळी उंबऱ्यावर जेवढे नियम होते त्यातला एकही तिथं लागत नव्हता. मला हसू आलं. खरंच हसले मी, आणि मग रडले.

संध्याकाळपर्यंत बाळ हललं. दुसऱ्या दिवशी दूध ओढलं. ओढलं म्हणजे काय, चावलंच. मी किंचाळले, तर सिस्टर म्हणाली, "अहो ओरडा, ओरडा! चांगली खूण आहे."

आता खरी गोष्ट पुढं आहे. तपासणीत ते एन्झाईम कमीच निघालं. तीन महिन्यांनी परत तपासू, पण धरून चाला, असं डॉक्टरीण म्हणाली. मग तिनं सांगितलं की हे आईकडून मुलाकडं जातं. आईला स्वतःला सहसा काहीच होत नाही, मुलींना सहसा होत नाही, मुलग्यांना होतं. मी विचारलं, "म्हणजे माझा तो भाऊ..." ती म्हणाली, "नक्की कुणीच सांगू शकणार नाही. पण अशी मुलं निदान न होताच जायची, हे खरं आहे."

हे नवऱ्यासमोरच झालं. तो शिफ्ट संपवून तसाच धावत आला होता, अंगात कंपनीचा शर्ट. त्यानं घरी फोन केला आणि सासूबाईंना जेमतेम अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं सासूबाईंनी स्वतः जोडलं. दुसऱ्या दिवशी भेटायला आल्या तेव्हा वॉर्डच्या बाहेर चार बायकांत म्हणाल्या, "दोष तिकडचाच निघाला. मी म्हणत व्हते ना, त्या बाईच्या हाताला यश नाय. पेटी बी तिचीच, रगत बी तिचंच."

नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, तुझ्या आईला पेटीचं सांगू नको. नुसती कावीळ होती म्हण. बिचारी जीव सोडेल." तो मायेनंच बोलत होता. मला पटलंही. दीड दिवस मी आईला नुसती कावीळ सांगत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई डबा घेऊन आली. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, अळिवाची खीर. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. मी पहिला घास घेतला तेवढ्यात ती म्हणाली, "कपड्याची पिशवी बाहेर का टाकली व्हती त्यांनी?"

मी घास गिळला. खोटं जिभेवर तयार होतं. साधं होतं, दवाखान्यात बाहेरचे कपडे चालत नाहीत, असं म्हणायचं. पण मला वाटलं, मी ही आता नुसती कावीळ म्हणाले तर हिच्याकडं काय उरतं? आजीचं वाक्य उरतं. आणि नातू हातात न घेता ही म्हातारी होणार. नाही! सांगायचं तर सगळं सांगायचं.

मी सांगितलं. गोळ्यांचं, रक्ताचं, आईकडून मुलाला जाण्याचं, आणि त्या बाळाचं. आईनं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं.

"त्याचे बी कपडे तसेच व्हते," ती म्हणाली. "माझ्या आईनं पेटीत जपून ठेवलेले. मी म्हणायचे, कसा छान वास येतोय." मग म्हणाली, "म्हंजे माझ्यानंच गेला."

मी त्या बाकावरून ताडकन उठले. टाके-बिके विसरून ओरडले. "नाही! तुझ्यानं नाही! गोळ्यांनी गेला असेल. आणि तू त्याला न्यायला निघाली होतीस ना? मग कुणी थांबवलं तुला? पाचवी होऊ दे कोण म्हणालं? आजी म्हणाली, आणि वर तीच तुला आयुष्यभर बोलली! आणि तू ऐकून घेतलंस! एवढी वर्षं बायांनी तुला पाळण्यापाशी येऊ दिलं नाही आणि तू लाडू वळत बसलीस!" लोक बघायला लागले. सिस्टरनं दारातून डोकं बाहेर काढलं.

आई माझ्याकडं शांत बघत होती. "आजीला तरी कुणी सांगितलं व्हतं?" ती म्हणाली. "बस. खीर गार व्हती."

मला तिचा इतका राग आला आणि तिच्याबद्दल इतकी माया वाटली की मी खाली बसून पूर्ण डबा संपवला. ती त्या दिवशी रडली नाही. घरी जाऊन तिनं सगळ्या गोळ्या काढून पुरून टाकल्या, पेटी अंगणात उघडी टाकली, घरातला एकूण एक कपडा धुवायला काढला, असं बहिणीनं सांगितलं. पडदेसुद्धा.

बाळ घरी आलं तेव्हा मला वाटलं, आता घेईल. नाही घेतलं. "तुला सगळं समजावून सांगितलं ना मी?" मी विचारलं. "समजलं," ती म्हणाली. "डोक्याला समजलं. हात उचलत नाय."

बारसं सव्वा महिन्यानं, हर्सूललाच ठरलं. आधी सासूबाईंचा फोन आला. "रक्ताबिक्ताचं चारचौघांत काढू नको. पोरीचं बघायलोय आमी." पोरगी म्हणजे माझी नणंद, लग्नाची. मी म्हणाले, "आत्याबाई, हे माझ्या आईकडून आलंय, तुमच्या पोरीला त्याचं काय? पण माझ्या पोराला उद्या कुणी मलेरियाची भलती गोळी दिली तर? लपवून ठेवलं तर सांगणार कोण, भिंती?" डॉक्टरिणीनं काय टाळायचं त्याची यादी दिली होती. तिची मोठ्या अक्षरात प्रत करून मी हर्सूलच्या घरी दारावर लावली आणि दुसरी नवऱ्याला दिली, सासरच्या दारावर लावायला. त्यानं निमूट लावली. बिचारा दोन्हीकडून मार खातो.

बारशाच्या दिवशी मी दारातच उभी राहिले. येणारी प्रत्येक बाई झबलं-टोपरं घेऊन आलेली. मी एकेक घ्यायचे, नाकाशी धरायचे आणि डांबरगोळीचा वास आला की तिथल्या तिथं परत द्यायचे. "वहिनी, धुऊन आणा, मग घालते." तोंडं बघण्यासारखी झाली. एक मावशी म्हणाली, "अगं, आहेर असा परत करतात व्हय?" मी म्हणाले, "करतात. आजपासून करतात." मग काय झालं, कसं झालं, सगळं सांगितलं. रक्त, गोळ्या, पाचवी, काही ठेवलं नाही. सासूबाई पदराआडून मला डोळे वटारत होत्या. पण मजा अशी की तीन-चार जणी मला बाजूला घेऊन विचारायला लागल्या, गोळ्या घरात ठेवूच नये का, पेटीत ठेवलं तर काय, माझ्या भावजयीचं बाळ पिवळं आहे, कुठं नेऊ. एकीला मी तिथूनच चाचांच्या रिक्षात बसवून दिलं.

पाळणा सजवला होता. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून द्यायचं, मग आत घालायचं आणि आत्यानं कानात कुर्र करून नाव सांगायचं. नणंदेनं बाळ घेतलं. मी बघितलं, आई नाही. ती मागं स्वयंपाकघरात घुगऱ्यांच्या पातेल्याशी.

"थांबा," मी म्हणाले. "आई येऊ दे. पाळण्यात बाळ ती घालेल."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "राहू दे की तिला आत. शुभकार्य हाय. कशाला?"

मी नणंदेच्या हातातून बाळ काढून घेतलं. "मग बारसं नाही," मी म्हणाले. "उचला पाळणा. आत्याबाई, माझ्या आईनं त्या दिवशी मला दाराबाहेर काढलं म्हणून हे लेकरू आज बारशाला आहे. तुमच्या आणि माझ्या आजीच्या हातात असतं तर आज काय असतं ते मी बोलत नाही. रक्त तिचं आहे म्हणता ना? आहेच तिचं. माझंही तेच आहे. मी धरलेलं चालतं, मग तिनं धरलेलं का नाही?"

आई बाहेर आली ती ओल्या हातानं, चिडलेली. "काय तमाशा लावलाय गं? बायकांसमोर?"

"घे," मी म्हणाले.

"हात ओले हायेत."

"पूस."

तिनं पदराला हात पुसले. दोनदा पुसले. मी बाळ तिच्या हातांवर ठेवलं आणि माझे हात काढून घेतले. पुढं काय होईल याची मला भीती होती. पण ती चुकली नाही. एक हात मानेखाली, एक बुडाखाली, आणि छातीशी धरलं. दोन पोरी वाढवलेली बाई ती, हात कसे विसरतील? मला जे हवं होतं ते मिळालं आणि मला त्या सगळ्यांसमोर हुंदका आला, तर आईच मला म्हणाली, "आता गप."

तिनं बाळ पाळण्यात घातलं. नणंदेनं कानात नाव सांगितलं. मग सगळ्या घुगऱ्यांकडं वळल्या आणि मी बघितलं, आई पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात काहीतरी सांगत होती.

पाहुणे गेल्यावर दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. मी विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

"त्याच्या मामाचं नाव."

मला क्षणभर कळलं नाही. "त्याला नाव होतं?"

"बारसं कुठं झालं? पण मी ठरवून ठेवलं व्हतं. पोटात व्हता तवाच." तिनं पातेलं उपडं घातलं. "कुणी इचारलंच नाय कधी."

"सांग."

ती पुटपुटली. नळाच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं. मी नळ बंद केला. "मोठ्यानं सांग, आई."

तिनं घसा साफ केला आणि मोठ्यानं सांगितलं. इतक्या मोठ्यानं की बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "कुणाला हाक मारताय, विहीणबाई?"

"माझ्या थोरल्या लेकाला," आई म्हणाली.